गिरणगावचे चित्र आणि कोकणचे गाव

(रत्नागिरी येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



जागतिकीकरण हा शब्द अलीकडच्या काळात रूढ झाला असला, तरी त्यामागची वस्तुस्थिती रत्नागिरी जिल्ह्याला अपरिचित नाही. मध्ययुगात दाभोळ बंदरातून अरबस्तान व इराणशी व्यापार चालत असे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. १९१६ मध्ये त्याचा येथेच अंत झाला. त्याचा राजवाडा आजही शहरात उभा आहे. येथला हापूस आंबा परदेशच्या बाजारात जातो. खेड, चिपळूण, दापोली, राजापूर या तालुक्यांतील माणसे आखाती देशांत आणि दर्यावर्दी जहाजांवर नोकरी करतात. जगाशी देवघेव ही या किनाऱ्याच्या रक्तातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या जिल्ह्यातील माणसाने केलेला सर्वांत मोठा प्रवास हा सातासमुद्रापलीकडचा नव्हे. तो मुंबईचा होय. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबई शहराच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांचा होता. त्या वेळी आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतच समाविष्ट होता, हे लक्षात घेतले, तरीही हा आकडा विलक्षण आहे. गावोगावचे तरुण बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरत, परळ-लालबागच्या चाळीतील गावकीच्या खोलीत पथारी टाकीत, खानावळीत जेवीत आणि कापडगिरणीच्या भोंग्यावर आपले दिवस मोजीत. मागे घरी शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले यांचा भार स्त्रियांच्या शिरावर राही. मनीऑर्डर आली की चूल निर्धास्त पेटे. होळी-शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी गावी येई, पालखी नाचवी, आरत्या म्हणे आणि पुन्हा धक्क्याची वाट धरी. एकाच कुटुंबाची दोन बिऱ्हाडे, एकाच माणसाचे दोन पत्ते, अशी ही जीवनपद्धती शंभर वर्षांहून अधिक काळ चालली.

या जीवनाची लिखित नोंद जनगणनेत आहे, कामगारविषयक अहवालांत आहे, साहित्यातही आहे. परंतु त्याचे रंगरूप चित्रात कोणी पाहिले काय? चाकरमानी ज्या पुलावरून रोज कामाला गेला, ज्या डब्यात लोंबकळत उभा राहिला, ज्या धुराड्याच्या सावलीत त्याचे आयुष्य गेले, आणि पुढे ज्या वस्तीतून तो जवळजवळ पुसला गेला, त्या साऱ्याकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा एक चित्रकार महाराष्ट्राला लाभला. त्यांचे नाव सुधीर पटवर्धन. त्यांच्या कार्याचा परिचय रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांना व्हावा, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

क्ष-किरण तज्ज्ञ ते चित्रकार

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ मध्ये पुणे येथे झाला. त्यांचे बालपण सांगलीत गेले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ मध्ये ते वैद्यकीय पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी मुंबईस आले. १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. कोणत्याही कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नाही. चित्रकला त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने आणि ज्येष्ठ चित्रकारांच्या कृतींच्या मननाने आत्मसात केली. त्यांत फ्रेंच चित्रकार सेझान यांचा प्रभाव विशेष होता. १९७९ मध्ये दिल्लीच्या आर्ट हेरिटेज या कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळी कॅनव्हास, हा क्रम तीन दशके चालवून २००५ पासून त्यांनी पूर्ण वेळ चित्रकलेस वाहून घेतले.

वैद्यकीय व्यवसायाचा हा तपशील केवळ चरित्रातील एक नोंद म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ठाणे आणि त्याच्या आसपासचा भाग त्या काळात कारखान्यांचा होता. क्ष-किरण तपासणीसाठी येणाऱ्या माणसांत कामगार, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या स्त्रिया असत. डॉक्टरपुढे माणूस उभा राहतो तेव्हा त्याची प्रतिष्ठा, त्याचा पोशाख गळून पडतो आणि उरते ते शरीर : कामाने वाकलेले, कष्टाने घट्ट झालेले किंवा खंगलेले. पटवर्धन यांच्या चित्रांतील माणसांच्या शरीराला जे वजन आहे, जो भरीवपणा आहे, त्याचे मूळ या रोजच्या परिचयात शोधता येते. त्याच वेळी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात एक अंतरही असते. सुशिक्षित मध्यमवर्गीय माणूस कष्टकऱ्याचे चित्र काढतो, तेव्हा तो त्याच्या बाजूचा असतो की केवळ त्याच्याकडे पाहणारा असतो? हा प्रश्न या चित्रकाराने कधी झटकून टाकला नाही. कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी २००४ मध्ये पटवर्धन यांच्याविषयी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच हे अंतर सूचित केले आहे. सहभागी असलेला निरीक्षक, असा त्या शीर्षकाचा आशय आहे.

माणूस मोठा, शहर मागे

पटवर्धन यांच्या प्रारंभीच्या चित्रांत माणूस कॅनव्हास व्यापून राहतो. १९७७ चे 'इराणी रेस्टॉरंट', १९८० चे 'ट्रेन', १९८१ चे 'ओव्हरब्रिज' ही त्या काळातील प्रसिद्ध चित्रे होत. इराण्याच्या हॉटेलात बसलेला गिऱ्हाईक, लोकल गाडीचे प्रवासी, स्थानकाच्या पुलावरची गर्दी, हे त्यांचे विषय आहेत. विषय म्हणून यांत काहीच असामान्य नाही. लाखो माणसे रोज हेच पाहतात. परंतु देवदेवता, राजेरजवाडे आणि पुढारी यांच्या चित्रांत जो आकार व जी प्रतिष्ठा चित्रकार देतात, ती येथे पाळीवरून परतणाऱ्या माणसाला मिळाली आहे.

भारतीय चित्रकलेत अस्मितेचा प्रश्न त्यापूर्वीच्या शंभर वर्षांत वारंवार चर्चिला गेला होता. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पाश्चात्त्य पद्धतीचे शिक्षण सुरू झाले, तेव्हापासून 'भारतीय' चित्र कशाला म्हणावे, हा वाद चालू राहिला. कोणी अजिंठ्याच्या रेषेकडे वळले, कोणी लघुचित्रांकडे, तर कोणी लोककलेकडे. १९४७ मध्ये मुंबईत एकत्र आलेल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांनी जगातील आधुनिक चित्रकलेशी थेट नाते जोडले. त्यांपैकी गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि मध्य प्रांतातील सय्यद हैदर रझा हे पुढे परदेशी गेले. रझा यांनी परदेशी राहून बिंदूसारख्या भारतीय प्रतीकाचा ध्यास घेतला. दूरदेशी गेलेल्या माणसाला घराची खूण एखाद्या प्रतीकात सापडावी, हे स्वाभाविकच होय.

पटवर्धन यांनी निराळी वाट धरली. १९८१ मध्ये 'प्लेस फॉर पीपल' या नावाचे एक प्रदर्शन मुंबई व दिल्ली येथे झाले. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी, नलिनी मालानी आणि सुधीर पटवर्धन असे सहा चित्रकार त्यात सहभागी होते. माणसांना आणि माणसांच्या जागांना चित्रात पुन्हा स्थान मिळावे, ही त्यामागची भूमिका होती. या दृष्टीने पाहिल्यास आपली ओळख पुराणातील चिन्हांतच शोधण्याची आवश्यकता राहत नाही. माणूस कसा बसतो, ओझे कसे उचलतो, गाडीतील कडी कशी धरतो, शेजारच्याला जागा कशी करून देतो, यातही एका समाजाची ओळख असते. ती ओळख कोणी जाणीवपूर्वक मिरवीत नाही, आणि म्हणूनच ती हरवली तरी चटकन ध्यानात येत नाही.

पसरत जाणारे शहर

१९८० नंतरच्या काळात या चित्रांची मांडणी बदलू लागली. चित्रकार उंचावर जाऊन पाहू लागला. १९८४ च्या 'टाउन' या चित्रात आणि १९९१ च्या 'पोखरण' या चित्रात वस्तीचा विस्तृत देखावा येतो. हे पोखरण राजस्थानातील नव्हे. ठाण्यातील त्या नावाचा परिसर होय. डोंगराच्या कुशीतील हा भाग ज्या वेगाने बदलला, तो वेग ठाण्याच्या रहिवाशांनी डोळ्यांनी पाहिला आहे. अशा चित्रांत माणूस नाहीसा झालेला नाही, परंतु तो आता एकटा आणि मोठा राहिलेला नाही. इमारती, रस्ते, कुंपणे, नाले आणि इतर शेकडो माणसे यांच्यामध्ये त्याला स्वतःची जागा शोधावी लागते.

या बदलाचा अर्थ काय? पहिल्या टप्प्यातील माणसामागे संघटित कामगारवर्गाचा आत्मविश्वास होता. पाळी, पगार, संघटना आणि चाळ या चार खांबांवर त्याचे जीवन उभे होते. पुढील दोन दशकांत हे खांब एकेक करून हलले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप कधीही रीतसर मागे घेण्यात आला नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालू झाल्या नाहीत. चालू झाल्या त्यांतही पूर्वीइतक्या कामगारांना जागा उरली नाही. १९९१ मध्ये देशाने आर्थिक उदारीकरणाचे धोरण स्वीकारले. परदेशी भांडवल, नवे व्यवसाय, नव्या कचेऱ्या यांना मुंबईत जागा हवी होती, आणि शहराच्या मध्यभागी गिरण्यांची जागा होती. त्याच वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनींचा काही भाग मोकळ्या जागांसाठी, काही भाग घरांसाठी आणि उरलेला भाग मालकांनी विकसित करण्यासाठी, अशी वाटणी आखून दिली. २००१ मध्ये नियमांत बदल झाला, त्यावर न्यायालयात वाद झाला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे आणि आलिशान बाजार उभे राहिले. फिनिक्स मिलच्या आवारात झालेले व्यापारी संकुल हे याचे सर्वपरिचित उदाहरण होय. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली; तोपर्यंत संपाला तीस वर्षे होऊन गेली होती.

'लोअर परळ' : एका वस्तीचा निरोप

नियम बदलला त्याच साली, म्हणजे २००१ मध्ये, पटवर्धन यांनी 'लोअर परळ' हे चित्र रंगविले. त्याच वर्षीचे त्यांचे दुसरे मोठे चित्र 'उल्हासनगर'. लोअर परळ म्हणजे रत्नागिरीच्या कित्येक घरांचा दुसरा पत्ता. पिढ्यान्‌पिढ्या या वस्तीत कोकणातील माणसे राहिली, तेथल्या भजनी मंडळांत गायली, तेथल्या चाळींच्या पटांगणांत त्यांनी नमन-खेळे केले आणि गावच्या देवळासाठी वर्गणी गोळा केली. या वस्तीचे उंचावरून दिसणारे रूप या चित्रात आहे. जुने आणि नवे येथे एकाच चौकटीत राहते. गिरण्या आणि चाळी अजून आहेत, पण उंच इमारती त्यांच्या डोक्यावरून पाहू लागल्या आहेत.

या चित्राचे महत्त्व असे की, ते आक्रोश करीत नाही आणि जुन्या दिवसांचे गोडवेही गात नाही. गिरणगावचे जीवन सुखाचे होते, असे कोणीही म्हणणार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे, कापसाच्या धुळीने पोखरलेली फुफ्फुसे, गावाकडे वर्षानुवर्षे एकटी राहिलेली पत्नी, हे त्या जीवनाचे दुसरे अंग होते. नव्या मुंबईने काहींच्या मुलांना संगणकापुढची नोकरी दिली, हेही खरे. चित्रकार या दोन्ही गोष्टी जाणतो. तो एवढेच करतो की, बदलाच्या ऐन क्षणी जे होते ते सर्व मोजून-मापून, कोणालाही न वगळता, एका फलकावर ठेवतो. आज त्या ठिकाणी जाणाऱ्या तरुणाला ती वस्ती ओळखता येणार नाही. हे चित्र पाहून त्याच्या आजोबांना मात्र ती ओळखता येईल. एखादे स्थळ नाहीसे होताना त्याची खात्रीलायक साक्ष मागे राहावी, ही गोष्ट लहान नाही.

२०१४ मध्ये पूर्ण झालेले 'मुंबई प्रॉव्हर्ब्ज' हे सात फलकांचे भव्य चित्र याच विचाराचा पुढला टप्पा होय. गिरण्यांच्या मुंबईपासून आजच्या मुंबईपर्यंतचा दीर्घ काळ त्यात एकत्र आला आहे. मुंबई कोणी बांधली आणि ती कोणाची, या प्रश्नाचे उत्तर भाषणांतून अनेकदा दिले जाते. चित्राचा स्वभाव असा, की ते उत्तर न देता माणसे समोर उभी करते आणि पाहणाऱ्याला मोजदाद करावयास लावते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अडजानिया यांनी मांडलेल्या पटवर्धन यांच्या सिंहावलोकन प्रदर्शनात त्यांचा हा पाच दशकांचा प्रवास एकत्रितपणे रसिकांसमोर आला.

चित्र कोणाचे?

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. कष्टकऱ्यांची चित्रे काढली जातात, परंतु ती पाहतो कोण आणि विकत घेतो कोण? गिरणी कामगाराची प्रतिमा धनिकाच्या दिवाणखान्यात टांगली जाते आणि कामगार स्वतः त्या कलादालनाची पायरीही चढत नाही. जागतिकीकरणाने मुंबईतील गिरण्या मोडल्या, आणि त्याच जागतिकीकरणाने भारतीय चित्रांना परदेशच्या लिलावांत मोठ्या किमती मिळवून दिल्या. मग चित्रकाराची सहानुभूती कितीही खरी असली, तरी तिचा उपयोग कोणाला?

या आक्षेपाला पटवर्धन यांनी कृतीने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' या नावाने समकालीन भारतीय चित्रकलेचे एक फिरते प्रदर्शन त्यांनी संकल्पिले. बोधी आर्ट या कलासंस्थेच्या साहाय्याने हे प्रदर्शन नागपूर, अमरावती, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या महाराष्ट्रातील शहरांतून फिरले. एरवी दिल्ली-मुंबईच्या दालनांतच दिसणाऱ्या मूळ कलाकृती त्या शहरांतील विद्यार्थ्यांना, शिक्षकांना व सामान्य नागरिकांना समोरासमोर पाहावयास मिळाल्या. योगायोग असा की, त्याच सुमारास जागतिक आर्थिक मंदी आली, कलेच्या बाजारालाही तिचा फटका बसला आणि संस्थेची अनेक दालने बंद झाली. जो बाजार चित्रे गावोगाव नेऊ शकतो, तो एका मोसमात आटूही शकतो, हा धडा त्यातून मिळतो. कलेचा प्रसार केवळ बाजारावर सोपवून चालणार नाही. शाळा, वाचनालय आणि ग्रामपंचायत यांनीही त्यात आपला वाटा उचलला पाहिजे.

सिएनाच्या भिंती आणि आपले पंचायत कार्यालय

पंचायत सदस्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे एक उदाहरण इटलीत आहे. सिएना नावाच्या नगरीत १३३८-३९ मध्ये अंब्रोजो लोरेंझेत्ती या चित्रकाराने नगरसभागृहाच्या भिंती रंगविल्या. नगराचा कारभार पाहणारे नऊ पंच ज्या दालनात बसत, त्याच दालनात ही चित्रे आहेत. एका बाजूस चांगल्या कारभाराचे परिणाम दाखविले आहेत : गवंडी घर बांधीत आहेत, दुकाने उघडी आहेत, गुरुजी मुलांना शिकवीत आहेत, शेतकरी माल घेऊन वेशीतून आत येत आहेत आणि वेशीबाहेर नांगरलेली शेते पसरली आहेत. दुसऱ्या बाजूस वाईट कारभाराने ओसाड झालेले नगर आणि शेत आहे. निर्णय घेताना पंचांच्या नजरेसमोर आपल्या निर्णयाची दोन्ही फळे असावीत, ही त्यामागील कल्पना होती. पावणेसातशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती भित्तिचित्रे पाहण्यासाठी लोक तेथे जातात.

आपल्या गावाचे असे चित्र काढावयाचे ठरले, तर त्यात काय येईल? २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असता या जिल्ह्याची घटली. दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया, हे प्रमाणही स्थलांतराचीच कथा सांगते. आपल्या चित्रात आंब्याची बाग येईल, जेटी येईल, १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे येईल, आखातातून आलेल्या पैशांनी बांधलेला बंगला येईल, आणि त्याच वाडीत कुलूप लावलेले कौलारू घरही येईल. गणपतीचे चार दिवस उघडणारे आणि एरवी वाळवी लागणारे ते घर चित्रातून वगळले, तर चित्र सुंदर दिसेल, पण खरे ठरणार नाही.

शिक्षकांकडे सोपविण्याजोगे काम

शाळांतील चित्रकलेच्या तासाला एक ठरावीक देखावा वर्षानुवर्षे काढला जातो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, बाजूस झोपडी आणि नारळाचे झाड. ज्या मुलांच्या दारात प्रत्यक्ष समुद्र आहे, तीही हाच देखावा गिरवितात. कोकणात सूर्य डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात मावळतो, एवढे साधे निरीक्षणही त्या चित्रात उतरत नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना ग्रामीण भागांतील विद्यार्थी मोठ्या संख्येने बसतात. हाताला वळण लागण्यासाठी त्या उपयुक्तच आहेत. त्याला पाहण्याच्या शिक्षणाची जोड देणे शिक्षकाच्या हाती आहे.

पटवर्धन यांच्या कार्यातून शिक्षकाने घ्यावयाचा धडा हाच. मुलांना आपल्या आजोबांच्या मुंबईतील खोलीचे चित्र त्यांच्या तोंडून ऐकून काढावयास सांगावे. एस. टी. स्थानकावर उतरणारी माणसे, मासळी निवडणाऱ्या स्त्रिया, कलमांना फवारणी करणारे नेपाळी कामगार, शिमग्याची पालखी आणि तिच्याभोवती भ्रमणध्वनी उंचावून उभे असलेले चाकरमानी, हे सारे चित्राचे विषय होत. आपली संस्कृती म्हणजे केवळ जुनी नक्षी व जुना पोशाख अशी समजूत त्यामुळे आपोआप दूर होईल, आणि कालच्या चाकरमान्याकडे ज्या नजरेने मुंबईने पाहिले, त्याच नजरेने आज आपण बागेतील परप्रांतीय मजुराकडे पाहत नाही ना, हा प्रश्नही मुलांच्या मनात उभा राहील.

चित्रातून कथा सांगण्याची परंपरा या भूमीत जुनी आहे. १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग असलेल्या, आजच्या सिंधुदुर्गातील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने चित्रकथीची कला जतन केली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक समोर धरून, वाद्यांच्या साथीने गाऊन कथा सांगितली जाते. या कलेच्या जपणुकीसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला. चिपळूण तालुक्यातील सावर्डे येथे सह्याद्री शिक्षण संस्थेचे कलाशिक्षण देणारे विद्यालय आहे. कोकणातील मुलांना रंगरेषांचे रीतसर शिक्षण घेण्यासाठी मुंबईच गाठली पाहिजे, अशी स्थिती त्यामुळे राहिली नाही. जुनी कथनपरंपरा आणि नवे शिक्षण ही दोन्ही साधने हाताशी असताना आपल्या काळाची कथा मात्र न रंगविता ठेवणे, हे उचित होणार नाही.

ग्रामपंचायतींनीही यासाठी फार मोठा खर्च करण्याची आवश्यकता नाही. कार्यालयाची एक भिंत शाळेच्या मुलांना द्यावी. गावातील वृद्ध गिरणी कामगार व त्यांच्या घरातील स्त्रिया यांच्या आठवणी शिक्षकांनी टिपून घ्याव्यात आणि त्यांवरून मुलांनी चित्रे काढावीत. जुनी छायाचित्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, गिरणीचा बिल्ला, बोटीचे तिकीट अशा वस्तू अजून काही घरांच्या पेट्यांत असतील. १९८२ च्या संपात जे तरुण होते, ते आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या आठवणी जातील. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

जगाची देवघेव यापुढेही वाढणारच आहे आणि रत्नागिरीचा माणूस तिच्यात पूर्वीप्रमाणेच पुढे राहील. त्याने दूरदेशी जावे, नवी विद्या शिकावी, नवे धन मिळवावे. परंतु आपण कोठून निघालो, कोणत्या पुलावरून चाललो आणि कोणाच्या श्रमावर उभे राहिलो, हे त्याला दाखविणारे एखादे चित्र गावच्या भिंतीवर असावे. ठाण्याच्या एका डॉक्टराने आपल्या दवाखान्याबाहेरच्या माणसांकडे पन्नास वर्षे लक्षपूर्वक पाहिले आणि मुंबईच्या एका हरवत्या वस्तीची साक्ष मागे ठेवली. आपल्या गावाची साक्ष ठेवण्यासाठी गावातील शाळा आणि तिच्यातील शिक्षक पुरेसे आहेत.